व्हिंटेज म्हणे!

माणूस जुना झाला की त्याला म्हातारा म्हणतात. बँकेतल्या खात्यात दोन वर्षं व्यवहार झाला नाही की त्याला निष्क्रिय म्हणतात. पातेलं जुनं झालं की ते मोडीत जातं. आणि सायकल जुनी झाली की तिला हल्ली 'व्हिंटेज' म्हणतात! हा शब्द मूळचा द्राक्षाच्या दारूचा. अमुक सालच्या हंगामाची, म्हणून व्हिंटेज. आम्हां नाशिककरांना तो परका वाटायचं कारण नाही, आमच्या जिल्ह्यात द्राक्षंही पिकतात आणि त्यांची दारूही होते. पण मंडळी, दारू पडून राहिली तर मुरते आणि सायकल पडून राहिली तर गंजते. एवढा साधा फरक ज्यांना कळत नाही, त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार आहे. मी बँकेतला कारकून असल्यामुळे ती तीन प्रतींत सादर करतो.

पहिली प्रत घरोघरच्या आवराआवर मंडळाला.

दर दिवाळीच्या आधी हे मंडळ जागं होतं आणि त्याला घरात फक्त अडगळ दिसू लागते. आमच्या घरी हे मंडळ २००१ साली जागं झालं. त्या वर्षी आमचे अण्णा प्रेसमधून निवृत्त झाले आणि मी तालुक्याच्या शाखेत नुकताच चिकटलो होतो. नाशिकमध्ये 'प्रेसमध्ये आहे' म्हटलं की वर्तमानपत्र समजायचं नसतं. नाशिकरोडला १९२५ पासून सिक्युरिटी प्रेस आहे आणि १९२८ पासून नोटांची प्रेस. अण्णा नोटांच्या प्रेसमध्ये. ते नोटा छापत, मी नोटा मोजतो. राहत मात्र दोघांकडेही नाहीत. दिवसभर कोट्यवधींच्या सान्निध्यात वावरणाऱ्या ह्या गृहस्थाने १९८६ साली सायकल घेतली ती सरकारकडून सायकल अग्रीम काढून. दर महिन्याला पगारातून हप्ता कापला जाई. सायकल होती अॅटलस, २२ इंची, काळी. पुढच्या बिल्ल्यावर पृथ्वी खांद्यावर घेतलेला एक पहिलवान होता. मला लहानपणी तो अण्णांचाच फोटो वाटे.

ह्या सायकलवर अण्णा द्वारकेहून नाशिकरोडला जात. काठे गल्ली, गांधीनगर, उपनगर, दत्तमंदिर असा सहा-सात किलोमीटरांचा रस्ता. रविवारी ती माझ्या ताब्यात येई. सीटवर बसलं तर पाय पुरत नसत, म्हणून दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारायचं. एक कोपर सीटवर, एक हात हँडलवर आणि देह असा वाकडा, की समोरून येणाऱ्याला सायकल आपोआप चालली आहे असं वाटावं. माझं सगळं बालपण त्या दांडीच्या त्रिकोणात गेलं आहे.

तर ही सायकल आवराआवर मंडळाने मी गावी नसताना पेपरवाल्याला दीडशे रुपयांत दिली. अण्णा एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त बिल तेवढं फायलीत ठेवलं. सायकल गेली आणि बिल राहिलं! बुडालेल्या उधारीची चोपडी सावकार जपून ठेवतो, तसं. गेल्या वर्षी हयातीच्या दाखल्यासाठी ती फाईल उघडली, तेव्हा ते पिवळं पडलेलं बिल माझ्या मांडीवर पडलं. त्यावर निळ्या शाईत फ्रेम नंबर लिहिला होता. अण्णा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. ऐकू कमी येतं, पण त्यांनी नंबर न बघता तोंडपाठ म्हटला. नातवंडांची नावं ते अधूनमधून विसरतात.

मी म्हटलं, "अण्णा, शोधू या का?"

सौ. म्हणाली, "आधी माळ्यावरचा इडलीपात्राचा खालचा भाग शोधा." हेच ते मंडळ! आवराआवर मंडळाला माझं एवढंच सांगणं आहे: घरातली कुठली वस्तू अडगळ आहे हे ती वस्तू वापरणाऱ्याला विचारावं, झाडू मारणाऱ्याला नव्हे.

आता दुसरी प्रत. ही शौकिनांना.

सायकल शोधायची म्हणजे आधी ओळखायची, आणि ओळख पटवणं हा आमचा धंदाच. ज्यांना जुन्या सायकलींची ओळख नाही त्यांनी पुढचं लक्षपूर्वक वाचावं, कारण ह्या व्हिंटेजवाल्यांचा सगळा व्यापार तुमच्या अज्ञानावर चालतो. रंगावर विश्वास ठेवायचा नाही, रंग कुणीही मारतो. बिल्ल्यावर ठेवायचा नाही, बिल्ला दोन स्क्रूंनी बसतो. पायडलच्या चक्राकडे बघावं. रॅले असेल तर चक्रात बगळ्याची मुंडकी कापलेली असतात, हंबर असेल तर पाच माणसं, बीएसए असेल तर ती तीन अक्षरं. विलायती तीन गिअरची सायकल असेल तर मागच्या स्टर्मी-आर्चर हबवर साल आणि महिना ठोकलेला सापडतो. आणि सगळ्यांत शेवटी फ्रेम नंबर. आमच्या अॅटलसचा होता सीटच्या खाली, उभ्या नळीवर.

कुणी विचारेल, टायर बदलले, रिमा बदलल्या, चेन बदलली, सीट बदललं. मग ती सायकल तीच कशी? हा प्रश्न तत्त्वज्ञांना रात्र-रात्र झोपू देत नाही म्हणतात. बी. कॉम. झालेल्या माणसाला तो पडतच नाही. खात्यातली शिल्लक रोज बदलते, सही बदलते, पत्ता बदलतो, शाखासुद्धा बदलते. खाते क्रमांक तोच असेल तर खातं तेच. फ्रेम नंबर म्हणजे खाते क्रमांक. विषय संपला.

शोधाशोध सुरू झाली आणि आठवड्याभरात आमच्या शाखेतले एक सहकारी बातमी घेऊन आले. हायवेवरच्या एका हॉटेलात जुनी अॅटलस भिंतीवर टांगली आहे! मी अर्धी रजा टाकून गेलो. बघतो तर काय, सायकलला सोनेरी रंग फासलेला, कॅरिअरवर प्लास्टिकची फुलं, हँडलला कंदील, आणि खाली पाटी: 'व्हिंटेज, १९४२'. आता अॅटलस कंपनीच मुळी १९५१ साली सोनीपतला निघाली! कंपनीच्या जन्माच्या नऊ वर्षं आधी सायकल तयार झाल्याचं हे जगातलं पहिलंच उदाहरण. खुर्चीवर चढून पाहिलं तर बिल्ला अॅटलसचा आणि चक्रावर बीएसएची अक्षरं. म्हणजे पासबुक एकाचं आणि सही दुसऱ्याची! उभ्या नळीवरचा नंबर तर सोनेरी रंगाखाली कायमचा गाडला गेलेला.

मॅनेजर धावत आला. "सर, सेल्फी खालून घ्यायची."

मी विचारलं, "ही चालते का?"

"सर, डेकोरेशन आहे. पाहिजे असेल तर पंचवीस हजार."

घरी आल्यावर अण्णांनीही तोच प्रश्न विचारला. "चालते का?" मी म्हटलं, "नाही, टांगली आहे." "मग ती आपली नव्हे," अण्णा म्हणाले आणि कूस बदलून झोपले. नंबर वगैरे त्यांनी विचारलाच नाही.

गैरसमज नको म्हणून सांगतो, सायकली जमवणाऱ्या प्रत्येकाशी माझं वैर नाही. पुण्याला कर्वेनगरात विक्रम पेंडसे ह्यांनी आपल्या संग्रहाचं संग्रहालय केलं आहे. दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीवाल्या सैनिकांसाठी केलेली बीएसएची घडीची सायकल तिथे आहे. तिथे सायकलीला तिची ओळख आहे, सोनेरी रंगाचा शेंदूर नाही. माझं भांडण आहे ते सायकलीचा मुडदा टांगून त्याच्याखाली पनीर टिक्का विकणाऱ्यांशी. ज्यांच्या आजोबांनी उन्हातान्हात ती दामटली, त्यांच्या घामाची ही शोभेची वस्तू होते. आणि गंमत अशी, की हेच लोक चालू सायकलवरून दूध घालायला आलेल्या माणसाला हॉटेलच्या मागच्या दाराने यायला सांगतात.

पुढचा शोध मी सातबाऱ्यासारखा काढला. पेपरवाल्याने ती भाच्याला दिली, भाचा सातपूरच्या कारखान्यात लागला, त्याने मोटरसायकल घेतली तेव्हा ती भद्रकालीतल्या एका सायकल दुरुस्तीवाल्या चाचांकडे आली. चाचांना नंबर आठवत नव्हता, पण एक खूण पक्की आठवत होती: कॅरिअरच्या डाव्या पायाला पितळी वेल्डिंग. ते अण्णांनीच करून घेतलेलं, माझा बारदान भरलेला गहू दळणाला नेताना कॅरिअर मोडलं तेव्हा. चाचा म्हणाले, "ती धारवाल्याकडे आहे. बुधवारच्या बाजाराला गोदाकाठी येतो तो."

बुधवारी गेलो. सायकल स्टँडवर उभी होती आणि तिच्यावर बसून एक माणूस पायडल मारत होता. मागचं चाक अधांतरी फिरत होतं, त्याच्यावरून पट्टा पुढे दांडीवर बसवलेल्या सहाणेच्या चाकाला गेलेला, आणि त्या चाकावर कुणाची तरी विळी धरलेली. ठिणग्या उडत होत्या. बिल्ला नव्हता, रंग नव्हता, मडगार्ड एकच होतं. मी परवानगी मागून सीटखालची नळी फडक्याने पुसली. नंबर बिलाशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. आमच्याकडे लाखाचा चेक वटवतानासुद्धा माझे हात असे थरथरले नव्हते.

"विकायची आहे का हो?" मी विचारलं.

तो म्हणाला, "साहेब, तुम्ही हापिसातली खुर्ची विकता का?"

यावर कुठल्याही प्रामाणिक माणसाला उत्तर सुचणार नाही. मी घरी येऊन सगळ्या सुऱ्या, विळ्या आणि दोन कात्र्या गोळा करून पुढच्या बुधवारी नेल्या. अण्णांना सांगितलं, "सापडली." त्यांचा प्रश्न ठरलेला. "चालते का?" म्हटलं, "अण्णा, एका जागी उभी राहून चालते आणि चार माणसांचं घर चालवते." त्या दिवशी अण्णांनी रात्री दुसऱ्यांदा भात मागितला. माझ्या मते जुन्या सायकलीची किंमत ठरवायची एवढीच एक कसोटी आहे. चालते का?

आता तिसरी प्रत, ती रस्ते आखणाऱ्यांना.

समजा, धारवाल्याने ती सायकल मला दिली असती, तर मी ती चालवली कुठे असती? मी द्वारकेला राहतो. द्वारकेला राहतो म्हटलं की बाहेरगावची मंडळी श्रीकृष्णाची चौकशी करतात. ती द्वारका समुद्रात बुडाली, आमची वाहतुकीत बुडाली आहे. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता इथे एकमेकांना भेटतात आणि भेटले की सोडत नाहीत. मोटारींसाठी वरून उड्डाणपूल गेला, पायी चालणाऱ्यांसाठी खालून भुयारी मार्ग खणला. सायकलवाल्याला ना वर जागा, ना खाली. तो मधल्या मध्ये, त्रिशंकू. आमच्याच नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली सायकलवरून अख्खी अमेरिका ओलांडण्याची शर्यत पुरी केली. मला त्यांचा फार अभिमान आहे. पण त्यांनी संध्याकाळी सहा वाजता द्वारका ओलांडून दाखवावी!

सायकलीचं आपण काय केलं त्याचा ताळेबंद एकदा मांडतोच. १९८० साली सरकारने सहा बँका ताब्यात घेतल्या, त्याच साली वरळीची हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले ह्याही घेतल्या. बँका टिकल्या किंवा दुसऱ्या बँकांत मिसळल्या. ते दोन्ही सायकल कारखाने आज नाहीत. २०१६ साली केंद्र सरकारने कर्मचाऱ्यांची सायकल अग्रीम बंद केली. म्हणजे आजच्या अण्णांना नोटा छापून झाल्यावर सायकलसाठी सरकारकडून ती उचल मिळायची नाही. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांनी ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला. आणि २०२० साली बरोबर ३ जूनलाच अॅटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद पडला! असा मुहूर्त ज्योतिषालाही काढता आला नसता. ज्याच्या बिल्ल्यावरच्या पहिलवानाने पृथ्वी उचलली होती, त्याला सायकल दिनाच्या दिवशी घरी बसवलं. जमेच्या बाजूला काय? भिंतीवरची सोनेरी सायकल, आणि वर्षातून एकदा टोप्या घालून काढलेली फेरी, जिच्या पुढे आणि मागे जीप असते.

हे सगळं मनोरंजन आहे असं समजून कुणी हसून सोडून देऊ नये. आजही पहाटे पेपर, दूध आणि फुलं सायकलवरून येतात. सिग्नलला थांबून बघा, वॉचमन, गवंडी, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची पोरं सायकलवरच असतात. त्यांची सायकल व्हिंटेज नाही, म्हणून तिला मान नाही. मोटारवाला त्यांना हॉर्न मारून कडेला करतो, आणि कडेला आधीच दुसरी मोटार उभी असते.

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत. घरातली जुनी सायकल द्यायची असेल तर भंगारात नको, चालवणाऱ्याला द्या. फ्रेम नंबर मात्र लिहून ठेवा, कुणाचे तरी अण्णा पुढे विचारतील. अग्रीम परत सुरू करा. वसुलीची काळजी आम्हां कारकुनांवर सोडा. आणि द्वारकेला सायकलीला एक हात रुंद पट्टा द्या, ज्यावर कुणाची मोटार उभी राहणार नाही. भिंतीवर काहीतरी टांगल्याशिवाय ज्यांना करमतच नाही, त्यांनी सायकल खाली उतरवून त्याच खिळ्याला एक पाटी टांगावी: 'सायकलवाल्याला आधी जाऊ द्या'. तिला पंचवीस हजार पडत नाहीत.