बेरोजगारी वाढली, की नुसता मे महिना आला?

एप्रिल २०२५ मध्ये देशाचा बेरोजगारीचा दर ५.१ टक्के होता. मे महिन्यात तो ५.६ टक्क्यांवर गेला. स्पर्धा परीक्षेची तयारी करताना तुम्ही हे आकडे पाठ केले असतील. पण एका महिन्यात खरंच एवढं बिघडलं का?

आपल्या भंडाऱ्याकडेच बघा. मे महिन्यात खरिपाच्या बांध्या कोरड्या पडलेल्या असतात. जुलैत पाऊस लागला की रोवणीला मजूर मिळत नाही. नोव्हेंबरात पुन्हा कापणी आणि मळणीची घाई. हे दरवर्षीचंच! म्हणून मे महिन्याची तुलना जुलैशी केली, तर आपण अर्थव्यवस्था नाही, पाऊस मोजतो. हा ठरलेला चढउतार आकड्यांतून वजा करणं म्हणजे हंगामी समायोजन. रिझर्व्ह बँक अनेक आकड्यांसाठी असा हिशेब करते.

मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना केली तर? तेही पुरत नाही. दिवाळी २०२३ ला नोव्हेंबरात होती, २०२५ ला ऑक्टोबरात. बाजाराची गर्दीही तिच्यासोबत सरकते.

वजाबाकी बरोबर झाली का, हे आलेख सांगतो. समजा, जिल्ह्यातल्या शेतमजुरीचे दहा वर्षांचे मासिक आकडे हाती आहेत. कागदावर बारा चौकटी आखा. जुलैच्या चौकटीत फक्त सगळे जुलै, वर्षांच्या क्रमानं. ठिपके एका पातळीत असतील तर हंगाम पक्का. मे महिन्याचे ठिपके वर चढत असतील तर हंगामच बदलतोय. गोसीखुर्दच्या पाण्यावर उन्हाळी धान वाढलं तर असंच दिसेल. एप्रिल २०२० चा ठिपका एकटाच खाली दिसला तर तो लॉकडाऊन, हंगाम नव्हे. तो बाजूला ठेवा. शेवटी, वजाबाकीनंतरचे आकडे पुन्हा मांडा. दरवर्षी जुलै अजूनही डोकं वर काढत असेल, तर हिशेब चुकला.

बेरोजगारीचे देशपातळीवरचे सरकारी मासिक आकडे मात्र एप्रिल २०२५ पासूनच येऊ लागले. एकदोन ठिपक्यांवरून हंगाम ओळखता येत नाही. निदान तीन वर्षं तरी हवीत. तोवर एका महिन्याच्या आकड्यावर घाबरू नका, हुरळूनही जाऊ नका. पण हंगाम वजा केल्यावरही रेघ वरच जात राहिली, तर मग जाब विचाराच. तेव्हा पावसाकडे बोट दाखवून कोणालाही सुटता येणार नाही.