पट्टी आणि परिमितता

कपाळाला पट्टी बांधा, पडद्यावर आपल्या मेंदूलहरी पाहा आणि घरबसल्या एकाग्रता कमवा, हा न्यूरोफीडबॅकचा दावा मोबाइलवरून वडखळच्या नाक्यापर्यंतही पोहोचतो. मात्र लहर मोजणे वेगळे, मन घडवणे वेगळे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत अवधानदोष असलेली १४४ मुले होती. काहींना स्वतःच्या लहरींवरून प्रतिसाद मिळाला. काहींना, नकळत, दुसऱ्याच मुलांच्या आधी नोंदलेल्या लहरींवरून. सुधारणा दोन्ही गटांत झाली, लक्षणीय फरक आढळला नाही. मग श्रेय लहरींच्या त्या खेळाला कसे द्यावे? नियमित बैठक, मोठ्यांचे लक्ष आणि अपेक्षा हेच त्याचे अधिक संभवनीय धनी.

याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. सहाव्या अध्यायावर बोलताना त्यांनी एकाग्रतेला जीवनाच्या परिमिततेची जोड दिली. परिमितता बाजारात मिळत नाही. पट्टी घेतलीच असेल, तर ठरल्या वेळी, ठरल्या जागी, रोज बसावे. तिचा खरा लाभ तोच. पण तेवढी शिस्त जमली, तर त्याच वेळेत कादंबरीची वीस पाने सलग वाचून होतात. विद्यार्थ्याला ती वीस पाने देण्याऐवजी पालकांना पट्टी सुचवणाऱ्या शिक्षकाने आपले काम यंत्रावर सोपवले, असेच म्हणावे लागेल.