केकचा टिन घेताना कडेवरून बोट फिरवा



सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला मी पहिल्यांदा दोन मजली केक केला. खालच्या थरासाठी 8 इंची टिन घरचाच होता, वरच्यासाठी 6 इंची टिन शेजारच्या वहिनींकडून आणला. त्या अंडं घालून केक करतात हे मला ठाऊक होतं. म्हणून टिन तीनदा घासला, उकळतं पाणी ओतलं. केक कापला दुपारी चारला, कारण आमच्याकडे सगळं सूर्यास्ताच्या आत. तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "वरचा केक कोणत्या भांड्यात केलास गं?" मी खरं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पाहुण्यांसमोर एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त हातातली बशी खाली ठेवली. सासऱ्यांच्या तोंडात तोवर पहिला घास गेला होता.

खरं सांगू, मला त्यांचाच राग आला होता. एवढं घासलेलं भांडं! पण संध्याकाळी टिन परत करण्याआधी त्याची गोल वळवलेली कड सुईने टोकरून पाहिली, तर आतून जुना तपकिरी चुरा निघाला. वहिनींचा यात काही दोष नाही. ती कडच अशी असते की तिच्या आत ना घासणी पोचते, ना फडकं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. आपल्या घरासाठी टिन घेताना आधी कड आणि सांधा बघायचा, माप आणि चकाकी नंतर. पत्रा आत वळवून बंद केलेली कड असेल तर त्यात पाणी साचतं, पीठ अडकतं, मुंग्या येतात. मे महिन्यात आपल्या नागपूरच्या गच्चीवर काहीही वाळेल, पण पावसाळ्यात तीच कड आठवडाभर ओली राहते. जीव होऊ नयेत म्हणून पाणी गाळून पिणाऱ्या घरात असलं भांडं कशाला? तळ सुटा होणारे, खटका लावायचे टिन मी याच कारणाने घेत नाही. शिवाय बिनअंड्याचं मिश्रण जरा पातळ असलं की ते फटीतून ओव्हनमध्ये गळतं. एका पत्र्याचा, सांधा नसलेला, सपाट उघड्या कडेचा ॲल्युमिनियमचा टिन सगळ्यात बरा. धुतल्यावर नुकत्याच बंद केलेल्या कोमट ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवला की कोरडा.

आता मजल्यांचं. इतवारीत भांड्यांच्या दुकानात टिन "अर्धा किलो", "एक किलो" असे मागतात. तसं करू नका, घरून फूटपट्टी न्या. पुष्कळ टिन वर 8 इंच आणि तळाशी सव्वासात भरतात. अशा टिनातला केक तिरका येतो, मग कडा कापाव्या लागतात आणि अन्न वाया जातं. एक सोपी परीक्षा आहे: एकाच मापाचे दोन टिन एकमेकांत घालून बघा. एक दुसऱ्यात आरामात उतरला तर भिंती तिरप्या आहेत. सरळ भिंतीचे टिन एकमेकांत जातच नाहीत.

दोन मजल्यांत 2 इंचांचा फरक पुरतो, 6 आणि 8. मिश्रणाचा अंदाज मात्र चुकतो. 6 इंची गोल टिनाचा तळ साधारण 28 चौरस इंच, 8 इंचीचा 50. म्हणजे खालच्याला जवळजवळ पावणेदोन पट मिश्रण लागतं. अंडं नसल्यामुळे उंच टिनात केकचा मध्य कच्चा राहून बसतो, म्हणून 2 इंच उंचीचाच टिन घ्या, अर्ध्याच्या थोडं वर भरा आणि एकाच टिनात दोनदा भाजून थर लावा. वेळ जास्त जातो, पण भांडी दोनच लागतात. 10 इंचीचा मोह झाला तर आधी ओव्हन आतून मोजा. चारही बाजूंनी इंचभर हवा खेळायला हवी. आणि टिनाला तूप लावायचा ब्रश सिलिकॉनचा घ्या, काही ब्रशांचे केस प्राण्यांचे असतात.

हल्ली सात-सात टिनांचे संच मिळतात, हृदयाच्या आकाराचा, आकड्यांचा, फुलाचा. ते घेणाऱ्या मैत्रिणींना मी थेट विचारते, वर्षातून किती वेळा? स्वयंपाकघरातही परिग्रह असतोच की. "केकच कशाला, शिरा कर," असंही आमच्या मंडळात एक काकू म्हणतात. काकूंचं मला पटतं, पण नातवंडांना पटत नाही. आणि बाहेरून आणलेल्या केकपेक्षा घरी, उजेडात, डोळ्यांसमोर झालेला मला बरा वाटतो. जिलेटिन आहे का, हे पाकीट वाचून कळतं. पाकिटावर हिरवा ठिपका असतो, उसन्या टिनावर नसतो.

म्हणून आम्ही चार घरांनी ठरवलं: 6 आणि 8 इंचीचे मिळून चारच टिन, अंडं वर्ज्य असलेल्या या चार घरांतच फिरायचे. तळाला खिळ्याने खूण केली आहे. शेजारच्या वहिनींनाही मोकळेपणाने सांगितलं. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. उलट स्वतःचा टिन आणून म्हणाल्या, "ती सुई दे बरं जरा."