पोरगं अभ्यासात मागे की अडचण वेगळी? शाळेत हे ठरतं कसं, अन् घोडं अडतं कुठं

चौथीतलं पोरगं तोंडी हिशेब पटापट करतं, दुकानातून सुटे पैसे बरोबर आणतं, पण पुस्तक हातात दिलं की अडखळतं. 'घ'चा 'ध' करतं, जोडाक्षर आलं की गप्पच. असं एखादं पोर बहुतेक शाळांत असतं. घरचे म्हणतात लक्ष नाही, मास्तर म्हणतात घरी अभ्यास घेत नाहीत. कायदा म्हणतो, आधी तपासा.

१९९५ च्या जुन्या अपंग कायद्यात ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते २१ झाले आणि त्यात अध्ययन अक्षमता आली. म्हणजे बुद्धी चांगली, पण वाचन, लेखन किंवा गणितात अडचण. अशी मुलं लवकरात लवकर शोधून त्यांना त्यांच्या पद्धतीनं शिकवावं, असं कलम १६ सांगतं. कलम १७ नुसार शाळकरी मुलांचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षण व्हायला हवं.

आता ठरवतं कोण? गावात समज असा की दवाखाना ठरवतो. पण सुरुवात वर्गातून होते. पहिली नोंद वर्गशिक्षकाची. त्यासाठी एनसीईआरटीनं 'प्रशस्त' नावाचं अ‍ॅप २०२२ मध्ये काढलं. त्यात दोन भाग आहेत. पहिला वर्गशिक्षक भरतात, ज्या मुलाबाबत शंका येते त्याचा दुसरा भाग विशेष शिक्षक किंवा मुख्याध्यापक तपासतात. हे निदान नव्हे, नुसती चाळणी. त्यानंतर पालकांशी बोलून मूल तपासणीसाठी पाठवायचं. टक्केवारी आणि प्रमाणपत्र हे शेवटचं काम सरकारी रुग्णालयाचं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांत तर प्रत्येक शाळेत, सरकारी असो की खासगी, मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली चाळणी समिती सांगितली आहे. तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, अध्ययन अक्षमतेची चाळणी व्हावी असंही त्यात आहे. आपल्या गावच्या शाळेत ही समिती आहे का, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या किती सदस्यांनी कधी विचारलं असेल?

खरी गुंतागुंत चाळणीतच आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरचं पोरगं दिवाळीनंतर फडावर जातं आणि उन्हाळा लागल्यावर परत येतं. त्याला वाचता आलं नाही तर त्याला अक्षमता म्हणायची का? नाही. शिकवणंच बुडालं असेल तर तो शिकवण्याचा अनुशेष झाला. आधी काही महिने नीट शिकवून बघायचं, तरी अडचण तशीच राहिली तर पुढची तपासणी. पण उलटंही होतं. ज्याला खरंच डिस्लेक्सिया आहे, त्याच्यावर 'ऊसतोडीमुळे मागे पडलाय' असा शिक्का बसतो आणि तो तसाच आठवीपर्यंत ढकलला जातो. वर्गातली निम्मी पोरं अडखळत वाचत असतील, तर त्यातलं नेमकं कुठलं वेगळ्या कारणानं अडखळतंय हे ओळखायला सवयीचा डोळा लागतो. दोन इयत्ता एकत्र सांभाळून वर माहित्या भरणाऱ्या गुरुजींकडून ही अपेक्षा एकट्यानं करणं बरोबर नाही.

म्हणून विशेष शिक्षक महत्त्वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालात प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांना १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण आलं. राज्यात २०२४ मध्ये केंद्र स्तरावर ४,८६० पदांचा निर्णय झाला, म्हणजे एका केंद्राला एक. एका केंद्रात अनेक शाळा, त्याही वाड्या-वस्त्यांवर पसरलेल्या. तो माणूस एका शाळेत महिन्यातून किती वेळा पोहोचणार, हिशेब कुणीही करावा.

दुसरा अडसर रुग्णालयाचा. हात-पाय, डोळे, कान यांची तपासणी शिबिरातही उरकते. अध्ययन अक्षमतेचं तसं नाही. त्यासाठी आधी बुद्ध्यांक, मग वाचन-लेखनाच्या चाचण्या लागतात, त्या मानसशास्त्रज्ञच घेतो, आणि त्या एका बैठकीत संपतील असं नाही. तालुक्याच्या गावी ही सोय सहसा नसते. मजुरी बुडवून, एसटीनं जिल्ह्याला दोन-तीन खेपा करणं रोजंदारीवरच्या घराला परवडत नाही. त्यात 'वेड्याचं सर्टिफिकेट' ही भीती. मुलगी असेल तर लग्नाची काळजी आधी. अनेक प्रकरणं इथंच थांबतात.

एक गोष्ट मात्र पालकांनी पक्की धरावी. वर्गातली मदत प्रमाणपत्रासाठी थांबवायची नसते. पुढच्या बाकावर बसवणं, मोठ्या अक्षरात देणं, प्रश्न वाचून दाखवणं, लिहिण्याऐवजी तोंडी उत्तर घेणं, याला कुठला कागद लागतो? कलम १६ मध्ये टक्केवारीची अट नाही. ४० टक्क्यांची अट लागते ती अनेक योजना आणि सवलतींना. ४० पेक्षा कमी असलेल्यांनाही यूडीआयडी कार्ड मिळतं, त्याची पट्टी पांढरी असते. 'टक्के कमी आले, आता काही नाही' असं कुणी सांगितलं तर ते अर्धंच खरं.

कागद लागतो तो पैशासाठी आणि परीक्षेसाठी. समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलींना दरमहा २०० रुपये, १० महिने विद्यावेतन आहे. गरजेनुसार प्रवास आणि मदतनीस भत्ताही आहे. दहावीच्या परीक्षेत पात्र मुलांना तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो, गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो.

आणि गाव जागं होतं ते नेमकं दहावीचा फॉर्म भरताना. तेव्हा धावपळ सुरू होते, रुग्णालयाची तारीख पुढची मिळते. २०१८ च्या सूचनांप्रमाणे अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं आणि १४ व्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. १४ वं वर्ष म्हणजे आठवी-नववी. ज्या घरात तिसरी-चौथीचं पोर अडखळतंय, त्यांनी मुख्याध्यापकांना याच महिन्यात दोन प्रश्न विचारावेत: माझ्या मुलाची चाळणी झाली का, आणि झाली असेल तर तिच्यात काय लिहिलंय?