कीस महाग की आपले हात स्वस्त?

परवा आमच्या बचत गटाच्या टेबलापाशी एक बाई आल्या. बटाट्याच्या किसाची पिशवी हातात घेतली, किंमत पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘अगं बाई! बटाटे वीस रुपये किलो आणि कीस चारशे?’’ पिशवी ठेवून निघूनही गेल्या. गटातली धाकटी सून ओशाळली. म्हणाली, ‘‘ताई, अडीचशेच लावूया ना.’’

म्हटलं, थांब. आधी हिशेब मांडू.

बटाट्यात जवळजवळ ८० टक्के पाणीच असतं. साल जाते, धुताना सत्त्वही जातं. दोघींनी मिळून १२ किलो बटाटे किसले, तेव्हा हाती आला २ किलो कीस. बटाट्यांचे २४० रुपये. गॅस, मीठ, पिशव्या यांचे ६०. चारशेच्या भावानं आले ८००, उरले ५००. दोघी, तीन दिवस. म्हणजे दिवसाला एकीला ८३ रुपये! आणि अडीचशे लावले तर? जेमतेम ३३.

बरं, काम काय थोडं असतं? पहाटे उठून बटाटे सोलायचे, काळे पडू नयेत म्हणून पाण्यातच किसायचे. कीस दोन-तीनदा धुवायचा, मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवायचा, निथळून ऊन चढायच्या आत गच्चीवर पसरायचा. मग दिवसभर कबुतरं हाकायची. आभाळ आलं की हातातली पोळी टाकून जिना चढायचा.

शिवाय बटाटा पारखणं ही विद्याच आहे. शीतगृहातल्या बटाट्यात साखर वाढते, त्याचा कीस तळला की लाल-काळा होतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमधला नवा बटाटा घ्यायचा. हिरवट झालेला असेल तर सरळ टाकून द्यायचा. आपल्या आई-आज्यांना हे सगळं ठाऊक होतं, पण त्याला ज्ञान कुणी म्हटलं नाही.

गंमत म्हणजे दुकानातली वेफर्सची पुडी, निम्मी हवा भरलेली, आपण मुकाट्यानं घेतो. तिथे कोण घासाघीस करतं?

पण मैत्रिणींनो, दोष एकट्या गिऱ्हाइकाचा नाही. ‘त्यात काय एवढं, घरचंच तर आहे’ असं आपणच म्हणतो. एकादशीला ताटभर तळलेला कीस पाच मिनिटांत फस्त होतो, आणि त्यामागचे तीन दिवस आपल्यालाही आठवत नाहीत. आपणच मोल मोजलं नाही, तर दुसरं कोण मोजणार?

तेव्हा यंदा वाळवण घालाल तेव्हा शेजारी एक वही ठेवा. बटाटे किती, कीस किती, तास किती, सगळं लिहा. विकायचं असेल तर भाव त्या वहीतून काढा आणि कुणी नाक मुरडलं तर वही पुढे करा. घरासाठीच करणार असाल, तर एक किसणी मुलाच्या हातात द्या आणि कबुतरं हाकायला ‘ह्यां’ना गच्चीवर बसवा. चव तीच राहील, किंमत मात्र कळेल!