दोन झोळ्या

वसई-मुंबईकडील आमच्या धर्मग्रामांतून निघणाऱ्या सहलीच्या गाड्या पूर्वी बहुधा समुद्रकिनाऱ्याकडे वळत. अलीकडे त्या आसनगाव ओलांडून शहापूरकडे किंवा कल्याणहून मुरबाडकडे निघतात. तेथील रिसॉर्टांच्या व साहस-शिबिरांच्या जाहिरातींत एक शब्द हमखास आढळतो, तो म्हणजे झिपलाइन. उंचसखल अशा दोन जागांमध्ये पोलादी दोर ताणलेला असतो. त्यावर कप्पी बसवितात. कप्पीखाली पट्ट्यांची एक झोळी लोंबते आणि तिच्यात बसलेला माणूस उतारावरून स्वतःच्याच वजनाने पलीकडे घसरत जातो. इंजिन नाही, धूर नाही. खाली भाताची खाचरे, ओहोळ आणि झाडी. वर मोकळे आभाळ. मिनिटभरात खेळ आटोपतो आणि छायाचित्र घरी येते.

आमचा या खेळाला विरोध आहे काय, असे कोणी विचारील. खेळाला विरोध नाही. मुलांनी उंचावरून खाली पाहावे, भीतीने क्षणभर डोळे मिटावे आणि पलीकडे पोहोचल्यावर हसावे, यात गैर काहीच नाही. ज्या भूमीवरून ही तार जाते, त्या भूमीवरील माणसांना देखाव्याचा एक भाग समजण्याची जी सवय आपल्याला जडत चालली आहे, तिच्याविरुद्ध मात्र आम्हास बोलावयाचे आहे.

याच दोन तालुक्यांत दुसरीही एक झोळी वापरात आहे. ती पोलादी दोराला टांगलेली नसते. बांबूच्या दांड्याला चादर किंवा गोधडी बांधतात, तिच्यात आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाळंतिणीला निजवितात आणि दोघे-चौघे पुरुष ती खांद्यावर घेऊन चिखल तुडवीत, ओहोळ ओलांडीत गाडीरस्त्यापर्यंत येतात. डोंगरातल्या पाड्यांवरून अशी झोळी निघाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. कधी रुग्ण वेळेवर पोहोचतो, कधी मूल वाटेतच जन्मते, कधी ते वाचत नाही. त्या बातमीशेजारीच वर्षासहलीची जाहिरात छापलेली असते आणि त्यात विसंगती आहे हे आपल्या ध्यानीही येत नाही.

रस्ता बांधणे अशक्य आहे म्हणून ही झोळी टिकली आहे काय? तसे म्हणता येणार नाही. मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातूनच जातो. इगतपुरी ते आमणे हा त्याचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. सह्याद्रीची धार बोगद्यांनी भेदता येते, खोल दऱ्यांवरून उंच पूल नेता येतात, हे त्याने सिद्ध केले. जी विद्या डोंगर पोखरू शकते, तिला पाड्यापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर आणि वाटेतला एक साकव जड जावा, हे पटण्यासारखे नाही. उणीव आहे ती इच्छेची.

पाण्याची कथा याहून जुनी आहे. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. तेव्हापासून शहापूरच्या डोंगरांत पडलेला पाऊस नळांवाटे मुंबईच्या घराघरांत पोहोचतो. पुढे भातसा धरण झाले आणि आज महानगराच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा त्या एका धरणातून येतो. आमच्या वाचकांपैकी मुंबईत राहणारी कुटुंबे सकाळी जो नळ उघडतात, त्यात शहापूरचा पाऊस आहे. आणि त्याच शहापुरातील कितीतरी गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुरबाडलगतच्या बारवी धरणाचे पाणीही कारखान्यांकडे व शहरांकडे जाते. पाणी उताराने वाहते हा निसर्गनियम खरा. परंतु कोणत्या गावाला वळसा घालून ते न्यावयाचे, हे निसर्ग ठरवीत नाही, माणसे ठरवितात. तारेवरून मजेने घसरणारा पाहुणा जेव्हा खाली डोक्यावर हंडे घेऊन चाललेल्या बायकांची रांग पाहतो आणि तिला ‘सुंदर दृश्य’ म्हणतो, तेव्हा त्या रांगेच्या मुळाशी आपल्याच घरचा नळ आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

उंचावरून पाहिले की सारे सुंदरच दिसते. गळके छप्पर हिरव्या रानात शोभून दिसते, कोरडी विहीर एखाद्या गोल नक्षीसारखी भासते. पूर्वी हा मुलूख लोकांना पायांनी ठाऊक होता. मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याच्या बाजूने वर जाणारा नाणेघाट हा सातवाहनांच्या काळातील व्यापारी मार्ग. सोपारा व कल्याण या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरकडे जाई. घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहे आणि जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आजही तेथे उभा आहे. सोपारा आज वसई तालुक्यात मोडते. म्हणजे हा घाट आपल्याच किनाऱ्याची जुनी वाट होय. त्या वाटेने चालणाऱ्याला मुक्कामासाठी गाव लागे, तहानेला पाणवठा लागे, वाटाड्या लागे. गावाची गरज असल्यामुळे गावाची ओळख होई. दरी वरच्यावर ओलांडणाऱ्याला खालच्या गावाची गरजच उरत नाही, आणि ज्याची गरज नाही त्याची विचारपूस कोण करणार?

शासनाचा कलही याच दिशेने आहे. फेब्रुवारी २०२४ मधील राज्याच्या अंतरिम अर्थसंकल्पात लोणावळ्याच्या स्कायवॉकसाठी ३३३ कोटींहून अधिक रुपयांचा प्रकल्प सांगण्यात आला आणि माळशेज घाटात सर्व सोयींनी युक्त अशी दृश्यदर्शन गॅलरी उभारण्याचा मनोदय जाहीर झाला. दरी पाहण्याची सोय अवश्य व्हावी. परंतु दरीत राहणाऱ्यांची सोय तिच्या आधी व्हावी, एवढा क्रम तरी पाळला जावा की नाही?

येथे एक उत्तर ठरलेले असते: पर्यटनाने स्थानिकांना रोजगार मिळतो. हे उत्तर आम्ही हसून उडवून लावीत नाही. वीटभट्टीसाठी घरदार सोडून जाणाऱ्या कातकरी कुटुंबाला गावातच काम मिळत असेल, तर ते मोलाचेच आहे. परंतु काम कोणते, हेही पाहिले पाहिजे. जमीन कोणाची होती आणि आता कोणाची आहे? आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे परवानगीवाचून जाऊ नये, यासाठी १९७४ साली कायदा करावा लागला, यातच सारा इतिहास आला. ज्याच्या आजोबांनी तो माळ कसला, तो नातू आज त्याच माळावर पाहुण्यांच्या कमरेला पट्टे बांधतो, तेही हंगाम असेपर्यंत. मालकी, भागीदारी आणि निर्णयाचा अधिकार यांवाचूनचा रोजगार ही जुनी चाकरीच होय. तिचे नाव तेवढे नवे आहे.

सुरक्षिततेचा मुद्दाही टाळता येणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यात भोर तालुक्यातील एका मनोरंजन केंद्रात झिपलाइनच्या तयारीत असलेली एक तरुणी उंचावरून पडून मरण पावली. जून २०२५ मध्ये मनाली येथे नागपूरची एक मुलगी पट्टा तुटल्याने खाली कोसळून गंभीर जखमी झाली. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून अशा उपक्रमांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आवश्यक केली आहे. दोराची झीज, कप्पीची चाके, गतिरोधकाची व्यवस्था, दुसरा राखीव दोर, प्रशिक्षित माणूस या गोष्टी रोज तपासावयाच्या असतात. वजनदार माणूस वेगाने येऊन आदळू शकतो, हलके मूल मध्येच अडकू शकते. म्हणून वजनाची मर्यादा पाळावी लागते. पैसे भरण्यापूर्वी आपल्यापैकी किती पालक नोंदणीचा कागद पाहावयास मागतात? आणि मजेच्या झोळीसाठी इतक्या तपासण्या आवश्यक मानणारा समाज बाळंतिणीच्या झोळीसाठी एकही नियम करीत नाही, हे आम्हास अधिक बोचते.

कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे. शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार तेथील ग्रामसभेला विकासाच्या योजना संमत करण्याचा, भूसंपादनापूर्वी सल्ला देण्याचा आणि जमिनीचे बेकायदा हस्तांतरण रोखण्याचा अधिकार आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. तार ताणण्याआधी गावाला विचारावे, ही आमची मागणी म्हणूनच भाबडी नाही, ती कायद्याच्या हेतूला धरून आहे. ग्रामसभेने खुशाल हो म्हणावे, अटी घालाव्यात, उत्पन्नातील वाटा मागावा किंवा नाही म्हणावे. विचारले मात्र गेले पाहिजे.

वाचकहो, सहली बंद करा असे आम्ही सांगत नाही. सहल ठरविणाऱ्या तरुण मंडळाने व पालकांनी तीन प्रश्न विचारावेत, इतकेच मागणे आहे. या जागेची नोंदणी आहे काय? येथे काम करणाऱ्या स्थानिकांना वर्षभर आणि योग्य वेतन मिळते काय? आणि शेजारच्या पाड्यापर्यंत रस्ता व पाणी पोहोचले आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर परतल्यावर सहलीतील प्रत्येक कुटुंबाने जिल्हा परिषदेला एक पत्र लिहावे. पाड्यावरच्या माणसाचा अर्ज वर्षानुवर्षे धूळ खातो. शहरातून आलेली पन्नास पत्रे बाजूला सारणे तितके सोपे नसते. ज्यांचे पाणी आपण रोज पितो, त्यांच्यासाठी एक पोस्टाचे तिकीट खर्चणे हा उपकारही नव्हे. ते देणे आहे, आणि तेही फार थकलेले.

तारेवरची झोळी राहावी की न राहावी, हा वाद पुढेही चालेल. खांद्यावरची झोळी जावी, याविषयी तरी वाद असू नये. ती ज्या दिवशी मुरबाड-शहापूरच्या शेवटच्या पाड्यावरून नाहीशी होईल, त्या दिवशी त्या दरीवरून घसरण्याचा आनंद आपणही निःशंक मनाने घेऊ.