डाव सोडण्याचे शहाणपण

उन्हाळा तापू लागला की एटापल्ली तालुक्यातील जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतो. भल्या पहाटे रानात जायचे, पाने तोडायची आणि घरच्या सर्वांनी बसून त्यांचे पुडे बांधायचे. मोजक्या दिवसांच्या या कष्टातून जी रोख रक्कम हाती येते, तिच्यावर धानाच्या हंगामाची तयारी आणि मुलांच्या शाळेचा खर्च अवलंबून असतो. कोंबड्याच्या पायाला धारदार काती बांधून भरवला जाणारा कोंबडा बाजार आणि तीन पत्तीचे डाव हे या रकमेचे जुने वाटेकरी.

जुगारी वाईट पानांमुळे बुडतो, हा समज खरा नाही. पाने वाईट आली तर साधा मनुष्यही ‘पॅक’ म्हणून मोकळा होतो. घात होतो तो चांगल्या पानांनी. बावन्न पत्त्यांतून तीन पानांचे २२,१०० संच होतात. त्यांपैकी ५,६६० जोडी किंवा त्याहून वरचे असतात. म्हणजे सरासरी चार डावांत एकदा असे पान हाती येते आणि नशीब उघडल्याचा भास होतो. परंतु समोर पाच जण बसले असतील, तर त्यांच्यापैकी किमान एकाकडेही जोडी किंवा त्याहून वरचे पान असण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के असते. आपले पान चांगले असणे आणि ते सर्वांत चांगले असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

पोकरचे जाणकार येथे हिशेब मांडतात. डावात ४०० रुपये साठले असतील आणि आणखी १०० घालून पाने पाहता येत असतील, तर पाचांत एकदा जिंकले तरी नुकसान नाही. त्याहून कमी आशा असेल तर पाने टाकावीत. आधी घातलेला पैसा आपला राहिलेला नसतो, म्हणून त्याचा मोह धरू नये, हेही ते सांगतात. हिशेब बिनचूक आहे. परंतु तो हजारो डाव खेळू शकणाऱ्या अखंड थैलीचा आहे. ज्याच्या खिशात आठवड्याच्या किराण्याचे शंभर रुपये आहेत, त्याला पाचांतल्या चार पराभवांनंतर पाचवा डाव खेळायला मिळतच नाही. लांब थैलीचा टिकतो, आखूड थैलीचा उठतो आणि अड्डेवाला प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढून घेतो.

युधिष्ठिराची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. पहिल्या द्यूतात सर्वस्व गेले, ते धृतराष्ट्राने परत दिले. डाव सोडण्याची इतकी सोन्यासारखी संधी क्वचित कुणाला मिळाली असेल. तरी बोलावणे येताच धर्मराज पुन्हा पटावर बसला आणि बारा वर्षांचा वनवास व एक वर्षाचा अज्ञातवास पदरी घेऊन उठला. त्याला शकुनीने हरवले हे खरे. परंतु दुसऱ्यांदा बसण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा होता.

कौशल्य की नशीब, हा वाद न्यायालयांतही झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले, तर तीन पानांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा ठरवले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने मात्र पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच पुसून टाकला. हे योग्यच झाले. घर उद्ध्वस्त झालेल्या स्त्रीला नवरा कौशल्याने हरला की नशिबाने, याने काय फरक पडतो?

तथापि कायदा पटापर्यंत पोहोचतो, मनापर्यंत नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली, ती लोकांच्या आंदोलनातून. तीच जागरूकता पत्त्यांच्या पटाविषयीही हवी. गावाने ठरवले, घरातल्या वडीलधाऱ्यांनी आणि आयाबहिणींनी ठामपणे सांगितले, तर हंगामाचा पैसा धानाच्या बांधीपर्यंत सुखरूप पोहोचेल. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तही अखेरीस जुगाऱ्याला हाच उपदेश करते: फासे टाकून दे आणि शेत कस. चांगले पान सोडायला धैर्य लागते. पटावर न बसण्यास त्याहून मोठे धैर्य लागते, आणि त्यातच खरी जीत आहे.